गुरुजींचा कोड

गुंजवण्यात मोबाईलला नीट रेंज येते ती आमच्या अंगणात, तीही पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्याकडे विकायला काही नाही. पण शेजारच्या चार घरांतल्या बाया शनिवार-रविवारी राजगडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक, सरबत विकतात, आणि पुण्याच्या पोरांच्या खिशात रोख पैसे म्हणून नसतात. त्यामुळे माझ्या खात्याचा कोड टाकीवर चिकटवला गेला. गिऱ्हाईक जेवून टाकीपाशी यायचं, पैसे पाठवायचं आणि मी बाजेवरून ओरडायचो, "आले गं!" सोमवारी बँकेच्या वेल्ह्याच्या शाखेतून रक्कम काढून ज्याची त्याला द्यायची. चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला एवढं काम म्हणजे करमणूकच.

चौघींपैकी एक माझ्याच वर्गात शिकलेली, माहेर पलीकडच्या वाडीचं. ती सोमवारी पैसे न्यायची नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच, गुरुजी. घरात आलं की पैशाला पाय फुटत्यात." कोणाचे पाय, ते मला ठाऊक होतं, तिचा नवराही माझाच विद्यार्थी. हे पैसे तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठत होते. माझ्या हिशोबाने फी जमायला आली होती आणि भरायची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

त्या सोमवारी मशीनने पैसे दिले नाहीत. आत गेलो. काउंटरवरचा तरुण अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाला, "खातं होल्डवर आहे, सर."

"का?"

"कारण आम्हाला दिसत नाही. वरून आलंय."

वर म्हणजे कुठे, हेही त्याला दिसत नव्हतं. उद्या कळेल म्हणाला. माझं निवृत्तिवेतनही त्याच खात्यात, म्हणजे मीही अडकलोच होतो. मी तिथेच बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि पोच घेतली. मंगळवारी गेलो, साहेब मीटिंगला होते. बुधवारी सिस्टिम बंद होती. दोन्ही दिवस तो पोरगा अदबीने "उद्या" म्हणाला. त्याचा मला राग आला नाही, कारण तसंच बोलायला मीही नोकरीत शिकलो होतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मीच पालकांना हसत हसत ऐकवायचो.

रोज संध्याकाळी ती टाकीपाशी उभी असायची. "काय म्हनले?"

"उद्या होतंय. माझा अर्ज आहे त्यांच्याकडे."

पुण्यात माझा मुलगा आहे. एक फोन केला असता तर फीपुरते पैसे त्याने तासाभरात कोणाच्या तरी खात्यात पाठवले असते. मी फोन केला नाही. मुलापुढे हात पसरायची लाज वाटली, आणि रीतसर अर्ज दिला की कागद हलतो यावर माझा विश्वास होता. गुरुवारी आणि शुक्रवारीही शाखेत "उद्या"च मिळालं. तेव्हा कुठे मी मुलाला फोन लावला. संध्याकाळ झाली होती आणि कॉलेजचं ऑफिस बंद झालं होतं. सोमवारी तिकडे विचारलं तर जागा दुसरीला दिली होती.

गावात बोभाटा झालाच. मास्तरच्या खात्याला सील लागलं, मास्तरनं कायतरी भानगड केली असंल. तिने भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "नवऱ्यापासनं पैसं राखलं, गुरुजी, आन् तुमच्यापाशी घालवलं." पैसे कुठेही गेलेले नव्हते, पण ते वाक्य खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही.

पंधरा दिवसांनी खातं खुलं झालं, तेव्हा त्या अधिकाऱ्याने कारण सांगितलं. कोणीतरी कोणालातरी फसवून पैसे लुटले होते. या खात्यातून त्या खात्यात फिरत फिरत त्यातले नव्वद रुपये माझ्या खात्यात आले होते. "एका रविवारी दुपारी, सर. कशाचे ते आठवतंय?"

मी नाही म्हणालो. पण आठवायची गरजच नव्हती. नव्वद म्हणजे कांदाभजीच्या दोन प्लेटा, आणि चार घरांत भजी तळते ती एकटीच.

त्या दिवशी मी तिचे सगळे पैसे काढून तिच्या ओट्यावर नेऊन दिले. तिने मोजून घेतले. बाकीच्या तिघीही तिथेच होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कशापायी बंद केलतं, कळलं का?"

मी म्हणालो, "नाही सांगितलं त्यांनी."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर माझ्यावरचा संशय फिटला असता, आणि मुलीची जागा आपल्याच कढईपायी गेली हे तिला जन्मभर उगाळत बसावं लागलं असतं. शिवाय जागा भजीने गेली की माझ्या न केलेल्या फोनने, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

टाकीवरचा कोड मी खरवडून काढला. तिच्या ओट्यावर आता 'फक्त रोख' अशी पाटी आहे. मुलगी एसटीने वेल्ह्याच्या कापड दुकानात कामाला जाते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणते. भजीचा वास रविवारी आमच्या अंगणापर्यंत येतो. पूर्वी घाण्यातली पहिली चार भजी वाटीतून मला यायची, ती आता येत नाहीत. ती माझ्याशी बोलत नाही. ते बरंच आहे. बोलत असती, तर एखाद्या दिवशी मी खरं सांगून बसलो असतो.