मागणीचे कारण

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली तिथं झाली आणि या जिल्ह्याचा एक खांब आपणच, असं मला वाटू लागलं. कचेरीत अजून कपाटं आली नव्हती. उस्मानाबादहून आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसून मी टंचाईचं टेबल सांभाळायचो. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. चाकूरकडच्या गावांचे टँकरसाठी अर्ज यायचे. त्यात 'मागणीचे कारण' हा रकाना कोरा असला की मी अर्ज परत धाडायचो. विहिरी आटल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण रकाना म्हणजे रकाना.

माझ्या घरचं पाणी मात्र माझी थोरली मुलगी आणायची. वय तेरा. गल्लीत दिवसाआड टँकर यायचा. तो पुरता थांबायच्या आत ती मागच्या शिडीवरून वर चढायची, टाकीत पाइप सोडायची आणि वरून ओरडायची, "रांग मोडली तर पाइप काढीन!" बायका गुमान रांग धरायच्या. कचेरीत माझं एवढं कुणी ऐकत नव्हतं.

सासूबाईंचा पाय मोडला म्हणून बायको धाकट्याला घेऊन मुखेडला गेली. चौथ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला, तरी मुलगी अंथरुणातून उठली नाही.

"काय होतंय गं?"

"पोट दुखतंय."

मी ओवा दिला. मग लिंबू पिळलं. सोड्याचा डबा शोधायला लागलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, औषध नको. आईचं जुनं सुती पातळ कुठंय?"

मी फळीवरचा हात खाली घेतला.

"मला कळतंय काय झालंय ते. वर्गातल्या पोरींनी सांगितलंय. फक्त तुम्ही कुणाला सांगू नका."

"छे! मी कशाला सांगतोय?"

मी ट्रंक उघडली आणि मोठ्या उत्साहानं पातळ टराटरा फाडलं. ते जुनं नव्हतं, हे पुढं कळलं.

पण टँकर निघून गेला होता आणि रांजणात तांब्याभर पाणी. तिला अंघोळ हवी होती, कपडे धुवायचे होते. मी घागर घेऊन समोरच्या काकूंच्या दारात गेलो. त्या गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या.

"एक घागर द्या काकू."

"काहून? आज तुमची पोरगी दिसली न्हाई टँकरवर?"

पाहुणे आलेत, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण अख्खी नोकरी लोकांना कारण विचारण्यात गेलेली. मला कुणी कारण विचारल्यावर मी ते खरं आणि पूर्ण दिलं. हळू आवाजात दिलं, याचं तर मला कौतुकच वाटलं.

"अगं बया! पोरगी शहाणी झाली म्हणा की! आन् आसं तोंड पाडून सांगायलाव?"

मी घागर घेऊन घरी पोचेपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती.

पाचव्या दिवशी न्हाण घालायचं, बायकांनी ठरवून टाकलं. आई घरी नाही म्हणून काय झालं, आम्ही हाव की! टंचाईचे दिवस, तेव्हा भेटवस्तू नको, दर घरानं एक घागर पाणी आणायचं.

"बाबा, नको म्हणा त्यांना," मुलगी म्हणाली.

मी म्हणायला दारापर्यंत गेलो. ओट्यावर घागरी येऊन ठेपल्या होत्या. अकरा. एवढं पाणी मी महिनाभरात घरात पाहिलं नव्हतं. बायका मायेनं करताहेत, मोडता कसा घालायचा, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी पाण्याकडं बघत होतो.

तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी गुंडाळली, पाटावर बसवलं, ओटी भरली. नवऱ्याच्या नावावरून चिडवणारी गाणी झाली. खिडकीच्या गजांना तिच्या वर्गातली पोरं लोंबकळत होती. तिनं एकदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी पेढ्यांचं ताट धरून उभा होतो.

पुढच्या टँकरला ती शिडी चढली.

"उतर गं खाली!" काकू म्हणाल्या. "आता का ल्हान हाईस?"

"आन् आज शिवून चालतंय का? दिवस मोजलेस का न्हाई?" मागून कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली. पोरंही हसली.

तिनं पाइप खाली सोडला आणि उतरली. परत चढली नाही. मग घागरी घेऊन मी रांगेत. "सरका गं, टंचाईसाहेब आले!"

मधे बायको दोन दिवसांसाठी येऊन गेली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "एक चिठ्ठी टाकली असती तर पहिल्या एसटीनं आले असते." पातळाबद्दल काही बोलली नाही. ते तिच्या भावानं दिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात मुलीनं मला काहीच सांगितलं नाही. एका रविवारी मी खाटेवर पडलो होतो आणि समोरून तिचा आवाज आला.

"काकू, एक घागर द्या. पाहुणे आलेत."

"कोण गं पाहुणे? आम्हाला दिसले न्हाईत ते?"

मी उठून दारात गेलो.

"माझा मेहुणा आलाय काकू. मुखेडचा. झोपलाय आत."

काकूंनी घागर भरून दिली. मुलगी ती कमरेवर घेऊन आली, मी बाजूला सरायची वाट बघत थांबली, आणि मी सरल्यावर आत गेली. मोरीचं दार लावून घेतलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, बेताबेतानं, कुणाला ऐकू जाऊ नये असा.