हात खिशान

माझं उजवं मनगट रेडा डॉक्टरांनी मोडलं. बाभळीच्या दांडक्याने, भर दिवसा, राज्यभरातले पशुवैद्य आपापल्या मोबाइलवर बघत असताना. त्या मोडलेल्या हाडासाठी मी त्यांचे उपकार मानते असं सांगितलं की लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. बघू देत. भिवंडीच्या आसपासच्या तबेल्यांत ज्यांनी असा एखादा डॉक्टर पाहिलाय, त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

रेडा हे नाव त्यांना गावांनी दिलं होतं. आखूड जाड मान, लालसर डोळे आणि समोरच्याच्या अंगावर जायची खोड. तोंडावर मात्र सगळे 'सायब' म्हणायचे, मी 'सर'. ते खाडीकाठच्या आगरी घरातले. भावांनी जमिनी गोदामांना दिल्या, बंगले बांधले. यांनी म्हशींच्या मागे एका खिळखिळ्या जीपमध्ये आयुष्य घालवलं. मी पदवी घेऊन पडघ्याला दवाखाना टाकला आणि हाताला वळण लागावं म्हणून त्यांच्याबरोबर फिरायला लागले. पहिल्याच दिवशी एका अडलेल्या म्हशीकडे मी हात पुढे केला, तर बोटांवर सप्पकन दाव्याचा फटका बसला.

"हात खिशान," ते म्हणाले.

जनावरापाशी गेलं की आधी दोन्ही हात खिशात घालायचे आणि नुसतं बघायचं. उभं कसं राहतं, श्वास कसा घेतं, आवाज कसा देतं. सांगितल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. माझ्या कुर्त्याला खिसे नव्हते, त्यावरूनही त्यांनी तबेला डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्या खिशांची पँट घालायला लागले. तरी महिनाभर माझी बोटं सुजलेली होती. घरी आई म्हणायची, तू डॉक्टरकी शिकतेस की मार खातेस. मी म्हणायचे, दोन्ही.

पशुवैद्यांसाठीचे ऑनलाइन वर्ग निघाले तेव्हा मला वाटलं, साठीला आलेला हा माणूस ते हसण्यावारी नेईल. उलट ते त्यांच्यावर तुटून पडले. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांच्या ट्रकांनी रस्ता अडला की जीपमध्ये मोबाइल लावायचे आणि पोट फाडून अडकलेलं वासरू कसं काढतात ते मोठ्या आवाजात बघत बसायचे. शेजारचे ट्रकवाले काच वर करून घ्यायचे. धडा संपल्यावर चाचणी असायची. 'वरीलपैकी सर्व' असा पर्याय दिसला की त्यांचं डोकं फिरे. "म्हस काय वरीलपैकी सर्व सांगतंय?" म्हणून त्यांनी एकदा जीपच्या बोर्डावर अशी बुक्की मारली की गाडीचा हॉर्न कायमचा गेला. तरी एकही चाचणी त्यांनी सोडली नाही. नापास झाले की दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत आणि मग पुन्हा बसायचे.

एका धड्यात कळलं की तापावर ते वर्षानुवर्षं टोचत आलेलं औषध ज्या प्रमाणात ते देत होते, त्या प्रमाणात जनावराच्या मूत्रपिंडावर घाला घालतं. त्यांनी धडा थांबवला, मागे नेला, पुन्हा ऐकला. मग दवाखान्यातलं ते खोकं उचलून मागच्या भिंतीपाशी गेले आणि एकेक बाटली भिंतीवर फोडली. मी दारात उभी होते. प्रत्येक बाटलीबरोबर ते कुठल्या तरी म्हशीचं नाव घेत होते. नंतर भिवंडीतल्या निजामपुऱ्याचा एक औषधवाला तेच औषध स्वस्तात खपवायला आला, तर त्याला कॉलर धरून शेणाच्या खड्ड्यात उभा केला. "साब, गलती हो गया," तो छातीपर्यंतच्या शेणातून म्हणत होता. सर काठावर बसून त्याला अख्खा धडा मोबाइलवर ऐकवत होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्यांच्याबरोबर असताना बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

पुढे त्याच वर्गाने त्यांना शिकवायला बोलावलं. दर आठवड्याला सकाळी ते एखाद्या तबेल्यातून थेट धडा घ्यायचे, मी मोबाइल धरायचे. एवढी मारामारी मी कुठल्या आखाड्यात पाहिली नाही. एकदा बोलता बोलता म्हशीने लाथ झाडली, मोबाइल शेणात पालथा पडला आणि सगळ्या वर्गाच्या पडद्यावर अंधार झाला. आतून सरांचा आवाज येत राहिला, "दिसतंय ना सगल्यांना?" वर्ग चालवणाऱ्या पुण्याच्या मॅडम शिस्तीच्या. बाकी सगळ्यांचे माईक त्या स्वतःच बंद करून ठेवायच्या आणि सरांना विनवायच्या, "सर, शिव्यांच्या वेळी तरी माईक बंद करा." त्यांना तो कधी बंद करता आला नाही. आला असता तरी त्यांनी केला नसता. पण विदर्भापासून कोकणापर्यंतची मुलंमुली केसवर जाताना 'हात खिशान' म्हणायला लागली होती.

त्या दिवशीचा धडा घशात अडकलेली वस्तू कशी काढायची यावर होता, आणि नेमका नानांचा फोन आला. नाना म्हणजे पडघ्याच्या अलीकडचे तबेलेवाले, सरांच्याच वयाचे, दूरचे सोयरेही. त्यांची चंद्री म्हैस चारा गिळत नव्हती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. "घशान आंब्याची कोय आडकलीय," नाना म्हणाले. सरांना वाटलं, धड्याला आयतीच केस मिळाली. आम्ही मोबाइल खांबाला बांधला, वर्ग सुरू केला. काढायचं काम माझ्याकडे होतं. मी बाही वर सारून हाताला साबण लावला. नाना शेजारी उभे राहून सांगत होते की त्यांनी सकाळपासून दोनदा कोपरापर्यंत हात घालून पाहिला, पण कोय लागली नाही. त्यांच्या मनगटावर म्हशीच्या दाढांचे ताजे ओरखडे होते.

सर बाभळीचं दांडकं काखेत धरून, खिशात हात घालून बघत होते. चंद्री हंबरली. आवाज घोगरा, फाटलेला, मधेच तुटणारा. मागचे पाय झुलत होते. ती खुंट्याला शिंगांनी उगाच धडका देत होती. मी तिच्या जबड्याकडे हात नेला आणि मनगटावर दांडकं बसलं. हाडाचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी खाली बसले.

"ती पिसाललीय," सर म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "नाना, मागं तिला कुतरा चावलेला?"

नानांच्या मंडळी दारातून म्हणाल्या, "नाकाला चावलेला. पन ते बरा झाला."

"नाना, साबन लावून हात धू नि आत्ताच्या आत्ता इस्पितलान चल. सुया घेयाला लागतील."

नाना हसले. "माजी चंद्री मना चावली न्हाय. नि पोटान चौदा सुया घेयाचं माजं वय हाय का? तुला कोय काढता येत न्हाय तर तसा सांग ना. पोरीला कशाला मारतंस?"

सर म्हणाले की आता सुई दंडात देतात, थोड्याच देतात. चावायची गरज नसते, ओरखड्यातून लाळ गेली तरी पुरतं. एकदा आजार उठला की जगातल्या कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. नाना ऐकेनात. उलट ते पुन्हा बाही सारून म्हशीकडे निघाले. तेव्हा सरांनी त्यांची गचांडी धरली आणि त्यांच्या घरच्या माणसांसमोर कानाखाली वाजवली.

पुढचं फार भराभर झालं. नानांचे दोन पुतणे सरांवर पडले. लाथा, बुक्के, कोणीतरी फावड्याचा दांडा घेतला. मी एका हाताने ओढायला गेले तर मला ढकलून दिलं. खांबावरचा मोबाइल सुटून नानांच्या पायाशी पेंढ्यात पडला. आणि त्या मोबाइलमधून आवाज यायला लागले. पुण्याच्या मॅडमनी सगळ्या वर्गाचे माईक उघडले होते.

शेकडो माणसं एकदम बोलत होती. सोडा त्यांना. नाना, हात धुवा. सर खरं सांगतायत. काका, सुई घ्या. नानांनी गोंधळून मोबाइल उचलला. हळूहळू बाकीचे थांबले आणि बीडकडचा एक मुलगा एकटाच बोलत राहिला. "काका, माझ्या वडलांनी गाईच्या घशात असाच हात घातला होता. त्यांना पण वाटलं कणीस अडकलंय. पाणी बघून ओरडायचे हो ते शेवटी. बांधून ठेवलं आम्ही त्यांना. तुम्ही सुई घ्या."

नाना मोबाइल हातात धरून उभे राहिले. पुतण्यांचे हातही थांबले. नाना म्हणाले, "जातू." एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागे खुंटा उपटला गेला.

चंद्री सरळ नानांवर आली. सर जमिनीवर होते, त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता, बरगड्या गेलेल्या होत्या. तिथून ते कसे उठले मला माहीत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तिची शिंगं धरली आणि मान खाली घालून उभे ठाकले. नानांना पुतण्यांनी बाहेर ओढलं, मला कोणी ओढलं ते आठवत नाही. तिने सरांना भिंतीशी नेलं आणि तिथे दाबलं. मग दुसऱ्या धडकेला ती स्वतःच कोलमडली, तेवढ्यात पुतण्यांनी सरांना उचलून फाटक लावलं. ज्यांनी त्यांना बडवलं होतं, त्यांनीच त्यांना टेम्पोत मांडीवर घेऊन नेलं. चंद्री बंद तबेल्यात डोकं आपटत मेली.

इस्पितळात सर काही दिवस काढू शकले. पोटातला रक्तस्राव थांबत नव्हता. शुद्ध आली की माझ्या प्लॅस्टरकडे बघायचे आणि विचारायचे, "त्या गाढवान पुढची सुई घेतली?" मी हो म्हणायचे. ते म्हणायचे, खोटं बोलतेस, फोन लाव. मी नानांना फोन लावायचे. नाना फोनवर रडायचे आणि सर त्यांना शिव्या द्यायचे. एका सकाळी मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला तर शिवी आली नाही.

सरांचा वर्ग आता मी घेते. पहिल्या दिवशी हात गळ्यात होता म्हणून मोबाइल नानांनी धरला. धडा संपल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवून दंड दाखवला. "शेवटची टोचली," बीडच्या मुलाला म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या वर्गात कुणाचा माईक बंद नसतो. कुकरच्या शिट्ट्या येतात, म्हशी हंबरतात, कुणी शिवी हासडतं. मॅडम विचारतात, बंद करू का. मी म्हणते, राहू द्या.

त्या सकाळचं चित्रण आता अभ्यासक्रमात आहे. माझं हाड मोडतं तिथे मी ते थांबवते आणि मुलांना सांगते, नीट बघा, उजव्या हातात दांडकं आहे पण सरांचा डावा हात अजून खिशात आहे. पुढे नानांच्या हातातून हललेलं, तिरपं चित्रण येतं. त्यात सरांचे दोन्ही हात शिंगांवर आहेत. तिथे मी काही शिकवत नाही.