आतोबांची चिनी आणि दुसरी चिनी

काळजी करण्याची शर्यत लागली असती, तर आमचे आतोबा पहिले आले असते आणि आपण पहिले कसे आलो याची काळजी करत घरी परतले असते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तरुणपणी मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचे कारकून म्हणून ते कापसाच्या जहाजावरून थेट चीनला, कँटन बंदरात जाऊन आले होते. समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर त्यांनी रीतसर प्रायश्चित्त घेतलं, आणि ते नीट लागू पडलं नसेल या भीतीनं वर्षभरानं दुसरं घेतलं. घरातून निघताना ते बाहेरून कडी लावत, चार पावलं जाऊन परत येत, कडी हलवून पाहत आणि आत बसलेल्या आत्याला विचारत, "लागली आहे ना?" आत्या म्हणे, "लागली आहे. मला बाहेर पडायचं असलं तर काय करू, तेही सांगून जा." मग ते कडी काढत आणि दिवसभर उघड्या दाराची काळजी करत.

एका विषयात मात्र ते निर्धास्त होते. तिकडं परक्याला चिनी शिकवायची बंदी होती, म्हणून ती त्यांनी वखारीतल्या हमालांकडून चोरून ऐकली होती आणि चहाच्या पेट्यांवरची अक्षरं पाहून पाहून गिरवली होती. ती विसरू नये म्हणून रोज पहाटे परसात उभे राहून ते एकच शब्द सहा सुरांत घोळवत. शेजारचे लोक पहिले दोन दिवस ओवा घेऊन आले, पुढे नुसत्याच खिडक्या लावू लागले. भाजीबाजारात एखादी म्हणाली, "वांगी घ्या," की आतोबा थांबत. "बाई, शब्द शेवटी वर चढवलात. तिकडं असं म्हणाला असतात, तर गिऱ्हाईकाला भलतीच वस्तू मिळाली असती." "इकडं वांगीच मिळतात," ती म्हणे. आम्हीही पाहुण्यांना ऐटीत सांगत असू, की आमचे आतोबा चिनी जाणतात. खरंखोटं करायला पुण्यात चिनी माणूस येणार होता कुठून?

तो आला. एका दुपारी कोतवाल चावडीवरचा शिपाई दारात उभा राहिला. घाट चढून आलेला एक परका माणूस त्यांनी धरला होता. अंगात फाटका लांब अंगरखा, पाठीवर वेणी, आणि बोलणं कुणालाच कळेना. दिवस धामधुमीचे होते, गावात हेर शिरल्याची आवई रोज उठत होती. कोतवालांचा निरोप असा, की हा चिनी असावा; दिवेलागणीच्या आत तो कोण हे कळलं तर ठीक, नाहीतर उद्या बेडी घालून किल्ल्यावर रवानगी. किल्ल्यावर गेलेली माणसं कितपत परत येतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आतोबांनी पगडी घातली, काढली, पुन्हा घातली. मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अरे, माझ्या चिनीवर एका माणसाचा जीव टांगलाय. असं कधी होईल हे माझ्या मनातही आलं नाही." एवढ्या काळज्या केलेल्या माणसाची हीच एक राहून गेली होती.

चावडीत आतोबांनी घसा साफ करून पहिलं वाक्य टाकलं. तो माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला, आणि मग भडाभडा बोलू लागला. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही ती नव्हे," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "ही उत्तरेची, दरबारातली. फिरंगी तिला मँडरिन म्हणतात. माझी कँटनची. आमचा शब्द शेवटी कट्कन तुटतो, हा बघ जीभ वळवून लांबवतोय. आणि सूर चारच."

"पण दोन्ही चिनीच ना?"

"पुण्यातून उठून तंजावरच्या बाजारात उभा राहा आणि मराठीत भाव विचार. तसं."

आतोबांनी ठेवणीतले सगळे शब्द बाहेर काढले. त्यातला एकच त्याला कळला, तो म्हणजे ‘चा’. त्यानं भाबडेपणानं मान हलवली आणि चहा येईल म्हणून वाट पाहू लागला. मला भयंकर वाईट वाटलं.

"काय म्हणतो?" कोतवालांनी विचारलं.

मी मनातल्या मनात आतोबांना विनवत होतो, काहीही ठोकून द्या, यात्रेकरू आहे म्हणा, इथं तुम्हाला पकडणारं कोण आहे?

"मला कळत नाही," आतोबा म्हणाले.

"मग आपण रोज पहाटे परसात काय करता?"

आतोबांनी मान खाली घातली. त्यांना एवढं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्या माणसानं पुढं होऊन त्यांचा हात ओढला आणि तळहातावर बोटानं काहीतरी गिरवलं. आतोबा दचकले, आणि म्हणाले, "धूळपाटी आणा. बोली दोन असल्या तरी अक्षरं एकच." कोतवालांच्या कपाळावरची आठी पाहून त्यांनी समजावलं, "पंचांगातला पाचाचा आकडा आपण पाच म्हणून वाचतो, तैलंग शास्त्रीबुवा अयिदु म्हणतात. पंचमी दोघांची एकाच दिवशी येते."

आतोबांना अक्षरं येत होती ती मोजकीच, तीही पेट्यांवरची. घटकाभर दोघं धुळीवर वाकून बसले. तो लिही, हे नकारार्थी मान हलवत, तो पुसे आणि सोपं काही लिही. शेवटी धुळीत उरलं ते असं: माणूस, माणूस, माणूस. मोठं पाणी. मग त्यानं दोन माणसं पुसली. मग घर, आणि उत्तर दिशा.

"हेर आहे का ते विचारा."

"ते अक्षर चहाच्या पेटीवर नसतं," आतोबा म्हणाले. "मला कळलं ते एवढंच. तिघं निघाले, एक उरला, आणि त्याला घरी जायचंय. चुकत असेन, तर बेडी मला घाला."

कोतवालांनी वाकून ती पुसलेली जागा पाहिली. मग त्यांनी शिपायाला सांगितलं, "उद्याच्या तांड्याबरोबर मुंबईला पोचवा. बंदरावर."

निघताना त्या माणसानं पुन्हा आतोबांचा हात हातात घेतला, तळव्यावर सावकाश एक अक्षर काढलं आणि तो त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला. आतोबांना ते येत नव्हतं. त्यांनी कळल्यासारखी मान हलवली.

त्या होकाराची काळजी त्यांना जन्मभर पुरली. पहाटेचे सूर बंद झाले. "उपकार मानले असतील, की मला बंदरावर धाडू नका म्हणाला असेल?" ते विचारत. मी म्हणे, "उपकारच, आतोबा." "तुला कसं ठाऊक?" मग विसरू नये म्हणून ते माझ्या तळहातावर ते अक्षर काढून दाखवत. कधीतरी वाचणारा कुणी भेटेल, मी नसलो तर तू विचार, म्हणत.

आतोबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वाचणारा कुणी आला नाही. मी अजून अधूनमधून ते अक्षर तळहातावर गिरवून पाहतो. पण मधल्या रेघा दोन होत्या की तीन, याची हल्ली मला खात्री वाटत नाही.