मेणवाल्या सावंतांचं बोट

नायगावच्या बीडीडी चाळीतले गुरुदत्त सावंत परळच्या एका मेडिकल कॉलेजात ‘मेणवाले सावंत’ म्हणून ओळखले जात. तिथल्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरायचे आणि काचेवर उचलून रंगवायचे. पाणी किती कोमट हवं ते बोटानेच ठरवत. थर्मामीटर होता, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

मज्जातंतूच्या काचा त्यांच्या खास लाडक्या. तंतूला बिलगून बसलेल्या जांभळ्या, लांबुळक्या श्वान पेशी! थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या. विद्यार्थी ते नाव परीक्षेनंतर विसरत. सावंत मात्र शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल बोलावं तसे श्वानसाहेबांबद्दल बोलत.

मागच्या जूनमध्ये पातं बदलताना निसटलं आणि उजव्या मनगटात घुसलं. मज्जातंतू तुटला. तो शिवला गेला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी झाली.

“काका, आता तुमच्या श्वान पेशीच वाट करून देतील,” हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या. “नवा तंतू रोज मिलिमीटरभर सरकतो.”

झालं! सावंतांनी घरी येऊन हाताला मोजपट्टी लावली. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत एकशे ऐंशी मिलिमीटर. कॅलेंडरवर डिसेंबरातल्या एका तारखेला लाल गोल केला. जानेवारीत निवृत्ती होती. त्याआधी एक तरी काच स्वतःच्या बोटांनी करायची, एवढीच इच्छा.

रोज दुपारी छातीवर हात ठेवून ते पडत. अर्धवट झोपेत त्यांना पेशी दिसत. लालबागच्या गर्दीत मंडळाची पोरं हातात हात गुंफून वाट धरतात, तशा दुतर्फा उभ्या. मधून एक पांढरा धागा चालला आहे, सावकाश. सावंतही त्याच्यासोबत चालत. तळहातापाशी मोठं मैदान लागे, तिथे नेहमी ऊन असे.

ठरलेल्या दिवशी त्यांनी बोट कोमट पाण्यात घातलं. काही नाही. गरम पाण्यात घातलं. तरी काही नाही. बायकोने, नलूने, हात ओढून काढला तेव्हा बोटाला फोड आला होता.

“अहो काका, पेशी आधी तुटक्या तंतूचा कचरा साफ करतात, मग रांग लावतात,” संघमित्रा म्हणाल्या. “त्यात काही आठवडे जातातच.”

सावंत ओशाळले. पस्तीस वर्षं त्यांनी या पेशी पाहिल्या होत्या, पण मेलेल्या. जिवंत पेशीला कामाला वेळ लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जानेवारीत शाल-नारळ मिळाला. शेवटची काच राहून गेली. त्या दिवसापासून दुपारी धागाही दिसेनासा झाला.

फेब्रुवारीत नलूने करली केली. ही मासळी चवीला उत्तम, पण काटे असंख्य आणि ते बोटांना कळावे लागतात. अपघातापासून नलूच ते काढून द्यायची. ती पाणी आणायला उठली आणि सावंतांनी तुकडा स्वतःच मोडला. लांब कुठेतरी कुणी दार वाजवावं तसं झालं. त्यांनी बोट उचलून पाहिलं. टोकाला काटा रुतला होता.

“लागलं का हो?” नलूने विचारलं.

“लागलं,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ती काटा काढायला वाकली, तर त्यांनी हात मागे घेतला.

“राहू दे जरा.”