रिकाम्या जागेचा खेळाडू

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात सायकलने ऑफिसला जाताना तो मला रोज फुटबॉलच्या मैदानावर दिसायचा. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटावरचा, पन्नाशीचा, उंच माणूस. एकटाच. कधी गोलमध्ये उभा, कधी कडेने धावत, कधी मधोमध हात उंचावून वेगवेगळ्या भाषांत कुणाकडे तरी चेंडू मागत असायचा.

एका सकाळी दाट धुक्यात माझ्या सायकलची चेन पडली. त्याने येऊन ती बसवून दिली. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?"

"रिकाम्या," तो म्हणाला. "कितीतरी देशांत खेळलो. कुणी जखमी झालं, कुणी वारलं, की मला तिथे उभं करायचे. पण ती माणसं जागा सोडत नाहीत. खेळताना शेजारी जाणवतात."

मी हसलो. तो हसला नाही. त्याने चेंडू जोरात धुक्यात मारला आणि वाट बघत उभा राहिला. थोड्या वेळाने चेंडू संथपणे घरंगळत परत आला आणि त्याच्या पायाशी थांबला. त्याने धुक्याकडे बघून मान डोलावली.

ऑफिसात पोचल्यावर मी खुर्चीत बसता बसता थबकलो. माझ्याआधी इथे कोण बसायचं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.