साप निघाला आणि फोन भलत्यानेच उचलला

श्रावणातला गुरुवार होता. पावणेअकराच्या सुमारास शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विमलबाई ओरडतच खोलीबाहेर आल्या. "गुर्जी, तांदळाच्या पोत्यामागं नाग हाय! फडा काढून बसलाय!"

आमची शाळा दोन शिक्षकी, जामखेडपासून अकरा किलोमीटरवर एका वस्तीवर. रुपाली मॅडमनी चौतीस पोरं मैदानाच्या पार टोकाला लिंबाखाली नेली. मी खोलीचं दार ओढून घेतलं, खालच्या फटीला बारदान कोंबलं आणि खिशातून मोबाईल काढला. नंबर शोधायची गरजच नव्हती. शाळेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं आहे, 'साप दिसला तर मारू नका, मनकर्णाताईंना फोन करा', आणि खाली दहा आकडे.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा.

"हां, कौन?"

"मनकर्णाताई आहेत का? शाळेत नाग निघालाय."

"फिर साप!" तो माणूस जवळजवळ किंचाळलाच. "सुबह से सब साप-साप कर रहे हैं! राँग नंबर!"

फोन कट. मी भिंतीवरचा एकेक आकडा बोट लावून वाचला आणि परत लावला. तोच माणूस, आणि या खेपेला शिवी. तिसऱ्यांदा लावला तर लाईन बिझी. विमलबाईंना दारावर लक्ष ठेवायला सांगून मी गाडीला किक मारली.

मनकर्णाताई चार किलोमीटरवर राहतात. मूळच्या पाथर्डीकडच्या. लग्नानंतर नऊ हंगाम ऊसतोडीला गेल्या. फडात साप निघाला की कोयत्याने त्याचे तुकडे होताना त्यांनी इतक्या वेळा पाहिले, की पुढे वनविभागाचं सर्पमित्रांचं शिबिर भरलं तेव्हा पंचवीस पुरुषांत ही एकटी बाई जाऊन बसली. नवरा हनुमंत तेव्हा चिडला होता, आता तोच जीपमधून त्यांना ठिकठिकाणी सोडतो. पोटापाण्याला पिठाची गिरणी आहे. साप पकडायचं काम फुकट, गेली अकरा वर्षं. तो नंबर आसपासच्या तीसेक वाड्यावस्त्यांवर, शाळांच्या, दूध डेअऱ्यांच्या, देवळांच्या भिंतींवर रंगवलेला आहे.

मी पोचलो तेव्हा ताई गिरणीत ज्वारी दळत होत्या. केसांवर पीठ, हातात फोन.

"ताई, फोन कुठंय तुमचा? भलताच माणूस उचलतोय!"

"हा काय हातात हाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून एक रिंग न्हाई. मी म्हनलं आज सापास्नी बी उपास हाय का काय!"

मी त्यांच्यासमोरच त्यांचा नंबर लावला. माझ्या फोनमध्ये रिंग वाजायला लागली. त्यांच्या हातातला फोन मात्र मुका. ताईंनी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला आणि त्या शांततेत माझ्या फोनमधून आवाज आला, "हां, कौन?"

ताईंनी माझा फोन कानाला लावला. "मी मनकर्णा बोलतीय. हा नंबर माजा हाय. तू कोन रं?"

फोन कट.

त्यांचा चेहरा पिठासारखाच पांढरा पडला. "गुर्जी, साडेनवाला एक फोन आल्ता."

साप पकडायचा हुक आणि पिशवी घेऊन त्या गाडीवर मागे बसल्या आणि खाचखळग्यांतून जाताना माझ्या कानापाशी ओरडून सगळं सांगू लागल्या. फोनवरच्या माणसाने आपण मोबाईल कंपनीतून बोलतोय असं सांगितलं. त्यांचं नाव, गावाचं नाव बरोबर घेतलं. तुमची कागदपत्रं अपुरी आहेत, बारा वाजता नंबर कायमचा बंद होणार, म्हणाला.

"नंबर बंद पडला तर लोकं कुनाला हाका मारतील? इतक्या भिताडांवरचा नंबर कवा बदलू मी? त्यानं पैशाचं नाव काढलं न्हाई, ओटीपी मागितला न्हाई. त्यानं मागितला असता तर मी तितंच फोन आपटला असता, मला म्हाईत हाय ते. तो म्हनला फकस्त एक नंबर लावा, म्हंजी सिम चालू ऱ्हाईल. मी लावला."

"कुठला नंबर?"

त्यांनी फोनमधली यादी काढून वाचली. स्टार, एकवीस, स्टार, पुढे दहा आकडे आणि हॅश. ते दहा आकडे वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या.

"गुर्जी, ह्यो तर कुनाचा तरी मोबाईल नंबर हाय! म्हंजी माजे समदे फोन मीच त्याच्या दारात धाडलेत!"

मी गाडी थांबवणार तेवढ्यात त्यांनी पाठीवर थाप मारली. "थांबू नका! नाग थांबायचा न्हाई. मी कंपनीला लावते."

फोन जात होते, येत तेवढे नव्हते. सकाळी आलेल्या नंबरला हातही न लावता त्यांनी सिमच्या जुन्या कागदावर छापलेला, फोनच्या कव्हरमागे जपून ठेवलेला कंपनीचा नंबर लावला. स्पीकरवर गाणं लागलं. मग मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. खड्डा आला की ताईंचं बोट भलत्याच आकड्यावर पडायचं आणि गाणं पहिल्यापासून सुरू. "दाबलं की गं बाई, दाबलं!" त्या ओरडत होत्या. रस्त्याकडेच्या शेळ्या बाजूला पळत होत्या. शेवटी एक खरी मुलगी बोलली.

"ताई, आम्ही असा नंबर लावायला कधीच सांगत नाही. हा फोन ठेवा आणि दोनदा हॅश, मग शून्य शून्य दोन, मग परत हॅश लावा. सगळे वळवलेले फोन रद्द होतील."

शाळेचा चढ आला तेव्हा ताईंनी ते आकडे दाबले. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. आम्ही फाटकातून आत शिरतोय तोच त्यांचा फोन खणखणला!

"आला! माजा फोन आला!" चालत्या गाडीवरूनच त्यांनी उडी मारली. फोन रुपाली मॅडमचा होता, शाळेतूनच. आम्ही येईपर्यंत त्या सारखा नंबर फिरवत होत्या. लिंबाखालून पोरांनी एकच गलका केला.

पुढचं काम ताईंनी एखादं पोतं उचलावं इतक्या सहज केलं. दार उघडलं, पोती हळूच सरकवली. नाग पाच फुटांचा, काळा, चकाकणारा, फुत्कारत होता. त्या त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होत्या. हुकाने त्याला उचलून त्यांनी पिशवीचं तोंड पुढे धरलं आणि तो स्वतःच अंधारात शिरला. मी श्वास सोडला तेव्हा माझा शर्ट घामाने चिंब झाला होता.

नाग डोंगरात सोडून आल्यावर आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली. संध्याकाळी नगरहून सायबरच्या एका हवालदारांचा फोन आला. ते म्हणाले, "फोन वळवले की हे लोक तुमचं व्हॉट्सॲप दुसरीकडे चालू करायला बघतात. त्याचा कोड कॉलवर सांगितला जातो, तो त्यांना आयता ऐकू येतो. मग तुमच्या नावाने तुमच्याच माणसांना गंडवायचं. त्याला तुमचा कोड मिळाला नाही. का मिळाला नाही, ते मी सांगू शकत नाही." मग हसून म्हणाले, "सकाळपासून तुमच्या सापवाल्यांनी त्याची लाईन मोकळी सोडली नसेल!"

हनुमंत आणि मी खो खो हसलो. ताई हसल्या नाहीत. सकाळी फोन न लागल्याने एका वस्तीवर लोकांनी धामण मारली होती. "बिनविषारी हुती," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून ताई त्या वस्तीवर गेल्या. लोकांची माफी मागितली आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. स्वतः फसल्याचं सांगायला त्यांना जराही लाज वाटली नाही. तिथून पुढे ज्या गावी साप धरायला जातील तिथे जमलेल्या गर्दीला त्या आधी साप दाखवतात आणि मग फोन कसा वळवतात ते सांगतात.

गेल्या महिन्यात मी दळण घेऊन गेलो होतो. गिरणीत सात-आठ बाया. ताईंचा फोन वाजला. त्यांनी डोळे मोठे करून गिरणी बंद केली, स्पीकर लावला आणि सगळ्यांना ओठावर बोट ठेवायला सांगितलं. पलीकडचा माणूस सांगत होता, सिम आज बंद होणार, मी सांगतो ते बटण दाबा.

"व्हय का?" ताई गोड आवाजात म्हणाल्या. "मग मी जामखेडला कंपनीच्या दुकानात येते की आधार कार्ड घिऊन. तुमी कुठल्या टेबलावर बसता?"

तो गडबडला. यायची गरज नाही, वेळ नाही, लगेच दाबा, म्हणू लागला.

"ऐकलं का गं बायांनो? घाई करतोय! दुकानात येऊ दीना! वळखा ह्याला!"

बायांनी फोनवर असा शब्दांचा हल्ला केला की त्याला फोन ठेवायलाही सुचेना. मग तो कट झाला आणि गिरणीत हशा उसळला. कोपऱ्यातली एक म्हातारी मात्र हसता हसता थबकली आणि कमरेची पिशवी उघडू लागली.

"मनकर्णे, मला बी असाच मेसेज आलाय गं काल. बघ बरं, म्या काय दाबलं तर न्हाई ना?"

ताईंनी हात पदराला पुसले, तिच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि तिचा फोन हातात घेतला. दळण तसंच थांबलं. कुणीही घाई केली नाही. उलट एकेक करत सगळ्यांनीच आपापले फोन बाहेर काढले.