मनकर्णेची सुमन

एकसष्ट साली आमच्या गावात रेडिओ एकच होता, ग्रामपंचायतीचा, आणि त्याच्या खोलीची किल्ली माझ्या करगोट्याला होती. तेल्हाऱ्यापासून तीन कोसांवरचं गाव, वीज अजून यायची होती. रेडिओ चालायचा तो विटेएवढ्या जाड बॅटरीवर. मी चौथी पास, अक्षर बरं, म्हणून सरपंच खुशालरावांनी मला पंचायतीत ठेवलेलं. सकाळी खोली झाडायची, सुगी नसली की सांजेला बातम्या लावायच्या, आणि सुगीत त्यांच्याच शेतावर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरायची.

पण त्या रेडिओचा खरा मान होता बुधवारी दुपारी एक वाजता. बायकांच्या कार्यक्रमात एक गोष्ट लागायची, दर बुधवारी अर्धा तास, तुकड्यातुकड्यानं. तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. आम्ही तिला सुमनची गोष्ट म्हणायचो. सुमन म्हणजे सून. नवरा वसंत नोकरीसाठी कलकत्त्याला गेलेला, चार वर्षं झाली तरी चिठ्ठी नाही. सासू काकूसाहेब, तिची जीभ म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. आणि शेजारी माधव मास्तर. हा सज्जन माणूस दिवसातून चारदा सुमनच्या दारावरून जायचा आणि चारही वेळा पाणी मागायचा. आमच्या बायका विचारायच्या, "त्या मास्तरच्या घरी रांजण नाही काय व?"

आता तुम्ही म्हणाल, सुगीत दुपारी एक वाजता बायका गावात कुठून? बरोबर आहे. एकही नसायची. साऱ्या खुशालरावांच्या कापसात. म्हणून त्यांनी तोड काढली होती. बारा जणींतली एक, माझी चुलत बहीण मनकर्णा, बुधवारी दुपारी वावरातून गावात यायची, गोष्ट ऐकायची आणि परत जाऊन सांगायची. तेवढा वेळ तिची पात, म्हणजे वेचायची ओळ, बाकीच्या धरायच्या, आणि ती सांगत असताना जाता-येता एकेक जण मूठभर कापूस तिच्या ओटीत टाकायची. मनकर्णेचा डावा पाय लहानपणापासून अधू. वेचण्यात ती सगळ्यात मागं असायची, पण बुधवारी तिचीच ओटी सगळ्यांच्या आधी भरायची.

आणि काय सांगायची! काकूसाहेब बोलायला लागली की कमरेवर हात, मास्तर बोलायला लागला की मान खाली. मी दोन्ही ऐकलं आहे, रेडिओ आणि मनकर्णा. रेडिओ फिका पडायचा. काकूसाहेबनं सुमनला घराबाहेर काढलं त्या बुधवारी बायकांनी रागारागानं असा कापूस ओरबाडला, की निम्मी पत्ती कापसात आली. खुशालराव गाठोडं सोडून ओरडले, "हा कापूस हाय का कुटार?" दुर्गाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "आमाले नका बोलू मालक, त्या सासूले बोला." सुमनला विषमज्वर झाला तेव्हा तर बायकांनी मरीमायला नारळ कबूल केला, आणि ती उठून बसली तेव्हा खरोखर फोडला. खोबरं मीही खाल्लं.

त्या बारा जणींत मैनाबाई होती. तिशीच्या आतली, हातानं चपळ, बोलायला कमी. तिचा नवरा "अमरावतीले काम पाह्यतो" म्हणून गेला त्याला पाच वर्षं झाली होती. कुणी म्हणे बडनेऱ्याच्या स्टेशनावर दिसला, कुणी म्हणे अमरावतीत दुसरं बिऱ्हाड आहे. मैना कुणाचं ऐकायची नाही. बाकीच्या विचारायच्या, काकूसाहेब काय म्हणाली, मास्तर काय म्हणाला. मैनेचा सवाल एकच असायचा.

"वसंताची चिठ्ठी आली काय?"

मार्गशीर्षात बॅटरी बसली. बसली कशी, मी बसवली. रोज सकाळी झाडू बाजूला ठेवून, दार लावून मी आणि माझे दोन दोस्त सिनेमाची गाणी ऐकत होतो. चार महिने पुरायची बॅटरी दोन महिन्यांत संपली. त्या बुधवारी मनकर्णा लंगडत आली, मी बटण फिरवलं, पेटीतून हूं नाही का चूं नाही.  खुशालरावांना कळलं असतं तर किल्ली गेली असती आणि नोकरीही.

"बाई, आठ दिवस कोणाले सांगू नको," मी म्हटलं. "अकोल्याहून बॅटरी मागवतो."

"मंग मी वावरात जाऊन काय सांगू, पंजाबभाऊ? अकरा जणी तोंडाकडे पाहून राह्यतीन."

"सांग काही. तुले काय कमी आहे?"

 मग ती त्या मुक्या पेटीसमोर पाय पसरून बसली, आणि अर्धा तास पुरा होईपर्यंत उठली नाही. तिचे ओठ हलत होते.

अकोल्याचा दुकानदार आज देतो, उद्या देतो करत राहिला. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे तीन महिने. मनकर्णा दर बुधवारी आली, पेटीसमोर बसली, परत गेली. बायकांना काडीचा संशय आला नाही. उलट म्हणू लागल्या, गोष्ट आता रंगात आली. काकूसाहेबची जीभ जरा नरमली, मास्तरनं पाणी मागणं सोडलं. मला मोठी मौज वाटायची. बंडीवर उभा राहून कापूस तुडवता तुडवता मीही कान देऊन ऐकायचो, की आता ही काय काढते.

पौषात मैनेला स्थळ आलं. पाटाचं. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला नत्थुजी, बायको वारलेली, पोरबाळ नाही, माणूस निर्व्यसनी. आमच्यात सोडून दिलेल्या बाईनं पाट लावावा याला कुणाची ना नव्हती. मैनेचा भाऊ तयार, पंच तयार. नत्थुजी स्वतः येऊन चहा पिऊन गेला. मैना म्हणाली, आठ दिवसांनी सांगते.

त्या आठ दिवसांत एक बुधवार होता. मनकर्णा वावरात पोचली तशी मैना पात सोडून पुढं आली.

"आली काय वसंताची चिठ्ठी?"

मनकर्णा थांबली. मी बंडीवरून पाहत होतो. मैनेच्या तोंडाकडे तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आली."

साऱ्या जणी कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"काय लिवलं?"

"लिवलं, मी दुखण्यात होतो. अखाजीले येतो. दार लावू नको."

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून चार महिने लांब होती. मैनेनं आपली अर्धी ओटी मनकर्णेच्या ओटीत रिकामी केली. सांजेला तिनं भावाला सांगितलं, नत्थुजीले नाही म्हणा. भाऊ चिडला, "काहून?" तर म्हणे, "चार वर्सांनी चिठ्ठी येते, मंग पाच वर्सांनी काहून नाही येणार?" भावाला काही कळलं नाही. मला कळलं. मी गप्प बसलो. माघात नत्थुजीनं हिवरखेडची बाई केली.

होळीला खुशालरावांची लेक बेबीताई माहेरी आली. अकोल्याला जुन्या शहरात दिलेली, घरात मोठा रेडिओ. शेवटची वेचणी चालली होती, ती सहज वावरात आली. दुर्गाबाई म्हणाली, "ताई, अखाजी जवळ आली. वसंता येईन आता, सुमनचं भलं होईन."

बेबीताई हसली. "कोणता वसंता? ती गोष्ट तर संक्रांतीलेच सरली ना मावशी. त्यानं कलकत्त्यात दुसरी केली होती. सुमनले समजलं तशी तिनं त्याचं नाव टाकलं. माधव मास्तरसंग लगीन झालं तिचं. मी तर रडली बाप्पा त्या दिवशी."

सगळ्या वावरात कुणाचा हात हलेना. मैना पातीतून आडवी चालत मनकर्णेसमोर येऊन उभी राहिली. आवाज मोठा नव्हता.

"सुमननं दुसरं घर केलं?"

मनकर्णेनं हातातलं बोंड सोडून दिलं.

"तिनं घर केलं, आन् मले तू वाट पाह्याले बसवलं? तुनं मले काहून फसवलं व?"

"तू त्या दिवशी विचारलं," मनकर्णा म्हणाली. "तुयं तोंड पाहून माह्या तोंडून 'नाही' निघेना."

"आन् रेडिओत काय होतं त्या दिवशी?"

तेव्हा मनकर्णेनं बंडीकडे पाहिलं. माझ्याकडे. एक शब्द बोलली असती, की रेडिओ बंद होता, हा पंजाब्या गाणी ऐकत बसला, ह्यानंच मला गप्प केलं, तर निम्मं तरी माझ्या माथी आलं असतं. ती बोलली नाही. मला मात्र बोलता आलं असतं. खुशालराव दहा पावलांवर उभे होते. मी खाली पाहिलं आणि कापूस तुडवत राहिलो.

"रेडिओत काय होतं ते मी नाही सांगतलं," मनकर्णा म्हणाली. "मनचं सांगतलं."

दुर्गाबाईनं आधी तोंड फिरवलं. मग एकेकीनं. त्या दिवसापासून मनकर्णेची पात कुणी धरली नाही, तिच्या ओटीत कुणी मूठ टाकली नाही. दुसऱ्याच आठवड्यात अकोल्याहून नवी बॅटरी आली. नवी गोष्टही लागली. वावरातून ऐकायला कुणी आलं नाही, आणि मी एकटाच खोलीत बसून ऐकली. कुणाचं काय झालं हे सांगायला कुणी नव्हतं.

मनकर्णा मला कधी एका शब्दानं बोलली नाही. राखी बांधायची, पण घरात थांबायची नाही.

पुढच्या सुगीला, दिवाळी होऊन गेल्यावर, मला ते पोटात ठेववेना. तोवर मला तेल्हाऱ्याला दुसरी नोकरी लागली होती, किल्ली परत केली होती. धाडस तेव्हाच आलं, हेही लिहून ठेवतो. वावरात जाऊन मी मैनेला गाठलं. मनकर्णा बांधाकडच्या शेवटच्या पातीत एकटीच वेचत होती, आमचं बोलणं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"मैनाबाई, दोष तिचा नाही," मी म्हटलं, आणि बॅटरीपासून सगळं सांगितलं. गाणी, पेटी, आठ दिवसांचे तीन महिने.

मैनेचे हात थांबले नाहीत. बोंडातून कापूस निघत होता, ओटीत पडत होता. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "चिठ्ठीचं तुमी सांगतलं होतं तिले?"

"नाही."

"तुमची बॅटरी तीन महिन्यांनी आली, पंजाबभाऊ," ती म्हणाली. "नत्थुजी येते काय आता?"

आणि पात धरून पुढं सरकली. बांधाकडे मनकर्णा ओटीचं तोंड हातात उघडं धरून उभी होती. थोड्या वेळानं तिनं ते सोडलं आणि वाकली.